गेल चालवायला शिकवता, तसा मोजायलाही शिकवा : बोर्ड ऑफ स्टडीजला खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या बायोकेमिस्ट्री, बायोटेक, मायक्रोबायोलॉजी वगैरे विषयांच्या बोर्ड ऑफ स्टडीजचे अध्यक्ष आणि मेंबर, तसंच पीएचडीच्या कमिट्यांवर बसणारे सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी कोण ते आधी सांगते. बहुतेक डिपार्टमेंटला एक कॉमन इन्स्ट्रुमेंट रूम असते, तिथे गेल डॉक असतं, म्हणजे गेलचा (जेलीची पातळ चकती, जिच्यात वीज लावून प्रोटीनं वेगळी करतात) फोटो काढणारं मशीन, त्याला जोडलेला एक म्हातारा कॉम्प्युटर असतो आणि त्या कॉम्प्युटरचे लाड पुरवणारी एक बाई असते जिच्या दारात येऊन पोरं म्हणतात, "मॅडम, एकच गेल आहे, पटकन फोटो काढून देता?" ती बाई मी. नाव-गाव देत नाही कारण प्रश्न एका डिपार्टमेंटचा नाहीच, माझ्यासारखंच काम करणारे बाकीचे कुठे वर्कशॉपला भेटले की त्यांचंही रडगाणं तेच असतं.

मुद्दा सरळ सांगते. तुमच्या सिलॅबसमध्ये प्रोटीनचा गेल चालवायला शिकवतात, गेलच्या फोटोवरून आकडा काढायला शिकवत नाहीत, आणि तरीही थिसिसमध्ये त्या फोटोवरून काढलेला आकडा, वर एरर बार लावलेला, तुम्ही आणि एक्सटर्नल परीक्षक दोघंही काही न विचारता मान्य करता.

सिलॅबसमध्ये काय आहे ते तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच बनवलाय. एसडीएस-पेज (गेलवर प्रोटीनं वजनानुसार वेगळी करायची पद्धत) आणि मॉलिक्युलर वेट काढणे. लेम्लीने १९७० मध्ये नेचरमध्ये जी पद्धत छापली तीच थोड्याफार फरकाने आपण आजही करतो, आणि ती पोरांना येते, खरंच येते. स्टॅकिंग गेलचा पीएच ६.८, रिझॉल्व्हिंगचा ८.८, टेमेड शेवटी टाकायचं, एपीएस ताजं हवं, झोपेतून उठवून विचारा, सांगतील. मग गेल स्टेन होतो, डिस्टेन होतो, पट्टीने बँडचं (गेलवर उमटलेल्या प्रोटीनच्या आडव्या ठशाचं) अंतर मोजतात, सेमीलॉग पेपरवर ग्राफ, जर्नलमध्ये पेन्सिलने गेलचं चित्र, सर्टिफाय, संपलं. पट्टी वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. पण यातलीच एखादी मुलगी दोन वर्षांनी पीएचडीला लागते आणि तिला पहिल्याच प्रेझेंटेशनला विचारतात की प्रोटीन किती पट वाढलं, आणि तिथे पट्टी चालत नाही, तिथे सॉफ्टवेअर लागतं, आणि ते तिला कोणी शिकवलेलंच नसतं.

मग ती काय करते? सीनियरला विचारते. सीनियरला त्याच्या सीनियरने दाखवलेलं असतं. अशी ही मौखिक परंपरा चालत येते आणि प्रत्येक पिढीत एक-दोन स्टेप गळतात. थिसिसच्या मटेरियल्स अँड मेथड्समध्ये शेवटी एक ओळ येते, "डेन्सिटोमेट्री इमेजजे वापरून केली" (म्हणजे बँड किती गडद ते त्या सॉफ्टवेअरने मोजलं), आणि बफरच्या रेसिपीला मात्र दीड पान. बफर चुकला तर गेलच चालत नाही, बसल्या जागी कळतं. मोजणी चुकली तर काहीही कळत नाही, उलट ग्राफ जास्त सुंदर येतो.

आता ज्यांनी हे सॉफ्टवेअर स्वतः कधी उघडलेलं नाही (आणि बोर्डावर असे बरेच जण असणार, त्यात काही लाजायचं नाही, वरच्या खुर्चीत गेल्यावर कोण गेल मोजतंय) त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. इमेजजे हे फुकट सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेच्या एनआयएचमध्ये वेन रासबँड यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी एनआयएच इमेज म्हणून सुरू केलं, १९९७ पासून जावामध्ये इमेजजे, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स, कुठेही चालतं. फिजी नावाने जे मिळतं ते हेच, फक्त प्लगइन आधीच भरलेले. त्यात अॅनालाइझ मेनूत जेल्स म्हणून एक छोटा मेनू आहे. पहिल्या लेनभोवती (लेन म्हणजे गेलमधला एका नमुन्याचा उभा रस्ता) उभा आयत काढायचा आणि कीबोर्डवर कंट्रोल १ दाबायचं. तोच आयत सरकवून दुसऱ्या लेनवर न्यायचा, कंट्रोल २. असं सगळ्या लेनना करत जायचं आणि शेवटी कंट्रोल ३, की समोर प्रत्येक लेनचा ग्राफ उघडतो, जिथे बँड तिथे टेकाड. मग सरळ रेषेचं टूल घेऊन टेकाडाच्या पायथ्याशी आडवी रेघ ओढायची, म्हणजे टेकाड खालून बंद होतं, मग वाँड नावाच्या टूलने त्याच्या पोटात क्लिक करायचं की क्षेत्रफळाचा आकडा येतो. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

त्या पाच मिनिटांत गोम फक्त एका ठिकाणी आहे, ती पायथ्याची रेघ. ती माणूस हाताने ओढतो. जरा वर ओढली की बँड बारीक होतो, जरा खाली ओढली की शेजारचा डागही पोटात येतो. ठसठशीत बँडला फारसा फरक पडत नाही, फिक्या बँडला प्रचंड पडतो, आणि आपले सगळे "सिग्निफिकंट" निकाल नेमके फिक्या बँडवर उभे असतात, कंट्रोलमध्ये (काही न केलेल्या नमुन्यात) जवळजवळ काही नाही आणि ट्रीटमेंटमध्ये थोडंसं आहे, असे. एकच गेल दोन जणांना मोजायला द्या आणि आकडे बघा. नाहीतर ज्याने मोजला त्यालाच आठवड्याने पुन्हा मोजायला द्या, लेनची नावं झाकून. नावं झाकायची हे कुणालाच सुचत नाही, कारण कुणी सांगितलेलंच नाही.

काही जण रेघेच्या आधी बॅकग्राउंड सबट्रॅक्ट मारतात, म्हणजे बँडमागचा करडेपणा वजा करतात. त्याच्या मागे रोलिंग बॉलची पद्धत आहे, स्टर्नबर्ग यांची, १९८३ ची, फोटोच्या खालून एक चेंडू फिरवायचा आणि चेंडू जिथवर पोचतो ते बॅकग्राउंड धरायचं. छान कल्पना आहे. पण चेंडूची त्रिज्या किती? इमेजजे उघडताना ५० पिक्सेल दाखवतं आणि पोरं ओके दाबतात. तुमचा बँड जर १५० पिक्सेल रुंद आणि तेवढाच जाड असेल तर तो चेंडू बँडच्या आत शिरतो आणि बँडचाच मधला भाग बॅकग्राउंड समजून खाऊन टाकतो. म्हणजे बँड जितका मोठा तितकं त्याचं जास्त नुकसान. हे मेनूत कुठेही लाल अक्षरात लिहून येत नाही, सॉफ्टवेअर निमूट आकडा देतं.

दुसरी भानगड फोटोच्या फाइलची. गेल डॉकचा कॅमेरा बऱ्यापैकी असेल तर १६ बिटची फाइल देतो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ६५,५३६ पायऱ्या. जेपीजीमध्ये त्या होतात २५६, वर फोटो आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींमध्ये दाबला जातो, फिक्या बँडची कड त्यातच विरघळते. पोरं मागतात मात्र जेपीजीच, कारण ती वर्डमध्ये टाकता येते. मी १६ बिटची टिफ फाइल दिली की परत येतात, "मॅडम हा फोटो काळाच दिसतोय". काळा नाहीये बाळा, फक्त स्क्रीनवर ताणून दाखवायचा आहे. पण तेवढं सांगेपर्यंत त्याने इमेजजेमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट उघडून अप्लाय मारलेलं असतं. अप्लाय मारेपर्यंत फक्त दिसणं बदलतं, मारलं की आतले आकडेच बदलतात, एवढं एक वाक्य जरी प्रॅक्टिकलमध्ये सांगितलं ना तरी निम्मे थिसिस सुधारतील असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि याहून बेरकी प्रकार म्हणजे १६ चं ८ बिट करणं. इमेजजे ते करताना त्या क्षणी स्क्रीनवर जी किमान-कमाल सेट असेल तीच ० ते २५५ वर ताणतं. कंट्रोलचा ब्लॉट (वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे गेलवरची प्रोटीनं पातळ पडद्यावर उतरवून हवं ते प्रोटीन अँटिबॉडीने शोधतात तो) एका फोटोत आणि ट्रीटमेंटचा दुसऱ्या फोटोत असेल, आणि दोन्ही वेगवेगळे ताणले, तर दोन फोटोंतला २०० हा आकडा एकच गोष्ट सांगत नाही. पण पुढे एक्सेलमध्ये दोन्ही शेजारी शेजारी बसतात आणि एकाला दुसऱ्याने भागलं जातं.

मग सॅच्युरेशन. वजनकाट्याचा काटा शेवटाला टेकला की वर अजून पाच किलो टाका नाहीतर दहा, काटा तिथेच राहणार. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. बँड पूर्ण भरला की त्यापुढे प्रोटीन दुप्पट असो की चौपट, पिक्सेल एकच आकडा दाखवतं. चांगल्या गेल डॉकवर असे पिक्सेल लाल दिसतात, इमेजजेमध्ये हायलो नावाचा लुकअप टेबल लावला तर ० निळा आणि २५५ लाल दिसतो, एका क्लिकचं काम. पण पोरांना तो लाल रंग आवडत नाही, फोटो खराब दिसतो म्हणून बंद करायला सांगतात!

याची सगळ्यात वाईट शिकार म्हणजे आपला लाडका लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या लेनमध्ये नमुना सारखाच टाकलाय हे दाखवणारं प्रोटीन. अॅक्टिन, ट्युब्युलिन, जीएपीडीएच. वेस्टर्न ब्लॉटमध्ये वीस-तीस मायक्रोग्रॅम लायसेट (पेशी फोडून काढलेला रस) टाकलं की हे बँड बहुतेक वेळा केव्हाच भरलेले असतात, म्हणून सगळ्या लेनमध्ये एकसारखे जाड दिसतात आणि आपण खूश होतो की लोडिंग सारखं झालं. लोडिंग निम्मं असतं तरी ते तसेच दिसले असते. जेबीसीसारखं (जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री) जर्नल म्हणूनच पूर्ण लेनच्या एकूण प्रोटीनवर नॉर्मलाइझ करायला, म्हणजे त्याने भागायला सांगतं, पाँसो (ब्लॉटवरची सगळी प्रोटीनं दाखवणारा लाल रंग) मारून त्याचा फोटो काढा म्हणजे झालं, पाँसोला काय पैसे पडतात. आपल्याकडे पाँसो मारतात, बँड दिसले की ट्रान्सफर झाला म्हणतात आणि धुऊन टाकतात. फोटो नाही.

स्टेनबद्दल थोडक्यात. कुमासी ब्लू मुख्यतः आर्जिनिन, लायसिन अशा बेसिक अमिनो अॅसिडना चिकटतो, म्हणून सारख्याच वजनाची दोन वेगळी प्रोटीनं सारखी निळी होत नाहीत. सिल्व्हर स्टेन नॅनोग्रॅमच्या आसपासचं दाखवतो पण त्याची सरळ रेषेतली रेंज फार तोकडी, मोजायला तो जवळजवळ बादच धरावा. आणि कुमासी गेल प्रकाश आरपार पाठवून बघतो आपण, म्हणजे पिक्सेलचा आकडा थेट प्रोटीनच्या प्रमाणात नसतो, त्याचा ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे प्रकाश किती अडला त्याचं माप) करावा लागतो. इमेजजेच्या गेल ऑप्शन्समध्ये अनकॅलिब्रेटेड ओडी नावाचा चौकोन आहे तो त्याच्यासाठीच. मी विचारते, हा चौकोन टिक केला होतास का? उत्तर येतं, कुठला चौकोन?

मॉलिक्युलर वेटबद्दलही बोलते. पट्टी जाऊन सॉफ्टवेअर आलं की लोकांना दशांश चिन्हाचा मोह होतो. लॅडरवर (माहीत वजनाच्या प्रोटीनांच्या लेनवर) क्लिक केलं, बँडवर क्लिक केलं, उत्तर ५२.७३ किलोडाल्टन (प्रोटीनच्या वजनाचं माप), आणि ते तसंच थिसिसमध्ये. पी५३ हे प्रोटीन सगळ्यांना माहीत आहे, त्याचं नावच गेलवर ५३ च्या जागी दिसतं म्हणून पडलं, आणि त्याचं खरं वजन सिक्वेन्सवरून ४३.७ किलोडाल्टन आहे, प्रोलिनवाल्या भागामुळे ते गेलमध्ये हळू सरकतं. कॅन्सर बायोलॉजीतल्या सगळ्यात गाजलेल्या प्रोटीनच्या बाबतीत गेलचं उत्तर दहा किलोडाल्टनने चुकतं, आणि आपण दोन दशांशांपर्यंत लिहितोय. हे एक उदाहरण जरी लेक्चरमध्ये घेतलंत तरी पोरं जन्मात विसरणार नाहीत.

मोबाइलचं तर विचारूच नका. छोट्या कॉलेजांमध्ये गेल डॉक नसतं, तिथे लाइट बॉक्सवर गेल ठेवून मोबाइलने फोटो काढतात, त्यात त्यांचा दोष नाही, पैसे कुठून आणायचे. पण मोबाइल स्वतःच एक्सपोजर ठरवतो, कडा धारदार करतो, सावल्या उजळतो, म्हणजे कॅमेरा तुमच्या आधीच फोटोशॉप करून मोकळा. मग तो फोटो व्हॉट्सअॅपवर गाइडला, गाइडकडून पुन्हा ग्रुपवर, ग्रुपवरून डाउनलोड करून थिसिसमध्ये. आरपार प्रकाशाचा साधा फ्लॅटबेड स्कॅनर मिळाला तर तो याच्यापेक्षा कितीतरी बरा, सगळ्या गेलला निदान एकसारखं वागवतो. हे सांगणारं एक पान जरी प्रॅक्टिकल मॅन्युअलमध्ये असतं तर!

"मग कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या की", असं एका मीटिंगमध्ये ऐकलं होतं. घ्या, माझा विरोध नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या गोष्टी असतात, सॅच्युरेशनची सूचना येते, मूळ फाइल सहसा पुसली जात नाही, केलेले बदल नोंदवले जातात, लेन आपोआप सापडतात. पण एका मशीनबरोबर एक लायसन्स येतं, ते एका कॉम्प्युटरवर बसतं, कधी यूएसबीला लावायची किल्ली असते, ती हरवली की संपलं, आणि एका बॅचची पोरं एका खुर्चीत बसत नाहीत. शिवाय प्रत्येकाचा फाइल फॉरमॅट वेगळा. आमच्याकडे मशीन बदललं तेव्हा जुन्या फाइल नव्यात उघडेनात, त्या फाइलवर ज्यांचे पेपर होते ते पासआउट होऊन गेले होते आणि रिव्ह्यूअरने ओरिजिनल मागितलं होतं. तेव्हा बायोफॉरमॅट्स नावाचं फुकट प्लगइन कामाला आलं, ते गेल डॉकचे बरेच जुने फॉरमॅट वाचतं. त्यातही फाइल वाचताना डोकं जागेवर ठेवावं लागतं, .gel नावाच्या एका फॉरमॅटमध्ये आकडे वर्गमूळ घेऊन साठवलेले असू शकतात, ते कुणी साध्या टिफसारखं उघडून मोजलं तर चौपट फरक दुप्पट दिसेल. महाग सॉफ्टवेअर घेऊन हे प्रश्न सुटत नाहीत, आतमध्ये काय चाललंय ते माहीत असलं की सुटतात, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो.

आता जरा नाजूक विषय. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० जर्नलमधले २०,६२१ पेपर डोळ्यांनी बघितले, आणि ३.८ टक्के पेपरमध्ये फोटो पुन्हा वापरल्याचे, फिरवून किंवा कापून चिकटवल्याचे प्रकार सापडले, त्यातले निदान निम्मे मुद्दाम केल्यासारखे. अल्झायमरवरचा नेचरमधला २००६ चा एक गाजलेला पेपर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, तो वेस्टर्न ब्लॉटच्या फोटोंवरूनच. जर्नल ऑफ सेल बायोलॉजी २००२ पासून फोटो तपासतं, सायन्सच्या जर्नलांनी २०२४ पासून सगळीकडे त्यासाठी सॉफ्टवेअर लावलंय. म्हणजे जग फोटो तपासतंय. आणि आपण? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनी सिमिलॅरिटी (दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा भाग) १० टक्क्यांपर्यंत ठीक धरली आणि तेव्हापासून सगळं विद्यापीठ त्या १० टक्क्यांच्या मागे लागलंय, पोरं "द रिझल्ट्स शो दॅट" चं "इट इज एव्हिडंट दॅट" करत रात्री जागवतात. तो रिपोर्ट मजकुराचा. प्रकरण चारमधला अॅक्टिनचा बँड प्रकरण पाचमध्ये उलटा करून लावला असेल तर त्या रिपोर्टला त्याचा पत्ताही नसतो. थिसिस शोधगंगेवर (देशभरच्या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर) जातो तोही पीडीएफ म्हणून, त्यातला गेल एवढा दाबलेला असतो की मोजणं सोडा, लेन मोजता आल्या तरी मिळवली.

मला इथे हेही सांगायचंय की मी बघितलेल्यांपैकी बहुतेक पोरं लबाड नाहीत. त्यांना वाटतं लेन कापून शेजारी लावली तर चालतं, कारण सीनियरच्या पेपरमध्ये तसंच आहे. जिथे कापलं तिथे रेघ दाखवायची असते, कॉन्ट्रास्ट बदलला तर पूर्ण फोटोचा बदलायचा असतो, एका बँडभोवती उजळवायचं नसतं, हे नियम कुणी त्यांच्यासमोर ठेवलेच नाहीत. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स आहे, दोन क्रेडिटचं, त्यात प्लॅजिअरिझमच्या व्याख्या पाठ करून घेतात. एक ब्लॉट स्क्रीनवर लावून "यात काय काय चुकलंय ते शोधा" असं अर्धा तास करा ना, त्याचा जास्त उपयोग होईल.

तर माझं मागणं असं. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला, एसडीएस-पेज जिथे आहे तिथेच, मोजणीचं एक प्रॅक्टिकल जोडा. खर्च नाही, अंड्याचा पांढरा भाग पुरतो. त्यात ओव्हाल्ब्युमिन एकूण प्रोटीनच्या साधारण ५४ टक्के, ओव्होट्रान्सफेरिन १२ टक्के, लायसोझाइम साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वजनं साधारण ४५, ७७ आणि १४ किलोडाल्टन, त्यामुळे लेनमध्ये छान लांब लांब पडतात. पांढरा भाग पाण्यात नीट मिसळून घ्या, पाच लेनमध्ये १, २, ४, ८, १६ मायक्रोग्रॅम टाका, कुमासी मारा, फोटो काढा, इमेजजेमध्ये मोजा. ज्या लेनमध्ये लायसोझाइम नीट दिसायला लागतं तोवर ओव्हाल्ब्युमिनचा बँड फुगून रेंजच्या बाहेर गेलेला असतो, आणि जिथे ओव्हाल्ब्युमिन लोडबरोबर दुप्पट-दुप्पट होतंय तिथे लायसोझाइमचा पत्ता नाही. एका गेलमध्ये पोरांना कळतं की प्रत्येक बँडची मोजायची जागा वेगळी असते. वर टक्केवारी पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नाही, ती का जुळत नाही यावर व्हायवाचे प्रश्न आयते तयार. शेजारच्या बाकावरच्याने तोच फोटो मोजायचा आणि दोघांचे आकडे जर्नलमध्ये शेजारी लिहायचे, जुळले नाहीत म्हणून मार्क कापायचे नाहीत, नाहीतर पोरं जुळवून आणतील, आपल्यालाही माहितीय.

आणि पीएचडीच्या कमिट्यांना विनंती की ज्या थिसिसमध्ये गेलवरून काढलेला ग्राफ आहे त्याच्याबरोबर त्या गेलची न कापलेली मूळ फाइल घ्या, मोजताना काय काय दाबलं त्याची नोंद घ्या. इमेजजेमध्ये मॅक्रो रेकॉर्डर आहे, चालू ठेवला की मेनूतल्या कमांड त्याच्या खिडकीत उतरत जातात, त्या सेव्ह केल्या की तो चेंडू ५० चा होता का २०० चा ते कायमचं लिहिलेलं राहतं. रेघ कुठे ओढली ते त्यावरून डोळ्यांना दिसत नाही म्हणून रेघ दिसणारा लेनचा ग्राफही सेव्ह करून जोडायचा. जागेचं कारण देऊ नका, १३९२ बाय १०४० च्या कॅमेऱ्याची १६ बिटची फाइल तीनेक एमबीची असते. आणि व्हायवाला एक्सटर्नलनी एकच प्रश्न विचारावा, हा आकडा कसा काढलास, माझ्यासमोर एकदा काढून दाखव. लॅपटॉप असतोच समोर, प्रोजेक्टरला लावलेला.

तुमची उत्तरं मला साधारण माहीत आहेत. सिलॅबस आधीच भरलाय. मान्य, पण एनईपीनंतर (नव्या शैक्षणिक धोरणानंतर) रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर आलाय, त्यात बऱ्याच ठिकाणी संशोधनाचे प्रकार आणि व्याख्या यांच्यातच तास जातात, तिथे एक तास काढता येईल. शिक्षकांनाच येत नाही, हे कुणी मोठ्याने बोलत नाही पण तेच खरं कारण आहे. त्यावर उपाय आहे, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलने ओपन सोर्स सॉफ्टवेअर मराठीतूनसुद्धा शिकवून दाखवलंय, त्या धर्तीवर गेल मोजण्याचा छोटा व्हिडिओ कुठल्याही विद्यापीठाला करता येईल, आवाज मी देईन, फुकट. पैसे नाहीत हे कारण तर इथे लागूच होत नाही. सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी ठेवलेत जगभरची जर्नलं वाचायला, चांगलंच आहे, पण त्या जर्नलांमध्ये न कापलेले ब्लॉट मागतात हे वाचूनही आपण आपल्या पोरांकडून ते मागणार नसू तर मग कठीण आहे.

नवीन सिलॅबस पुढच्या वेळी मीटिंगला येईल तेव्हा एसडीएस-पेजच्या ओळीपुढे "आणि इमेज अॅनालिसिस" एवढे शब्द घाला, आणि प्रॅक्टिकल मॅन्युअलमध्ये वरचं अंड्याचं प्रॅक्टिकल. मसुदा लिहून तयार आहे, मागाल त्याला पाठवते.

कळावे,
गेल डॉकच्या खोलीतून,
एक टेक्निकल असिस्टंट

ता.क. सिलॅबस बदलायला वेळ लागतो हे कळतं. तोवर निदान एक नोटीस लावा की गेलचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको, आणि गाइडलाही तसंच पाठवायला सांगा.